गुराची जीभ आणि गवताचा कोंब



गुरं कुरणात सोडली की गुराखी झाडाखाली टेकतो. कुठलं जनावर काय खातं, काय सोडतं, याकडे आपण फारसं बघत नाही. मन लावून हे बघत बसलेल्या काही मंडळींची ही हकिकत. त्यांची कुरणं सातासमुद्रापलीकडची, पण गवत ते गवतच.

पहिला माणूस स्कॉटलंडचा, जेम्स अँडरसन. अ‍ॅबर्डीनशायर भागात त्याची शेती होती. त्या मुलखात मांसासाठी गुरं पोसून विकण्याचा धंदा मोठा. १७७७ साली छापलेल्या निबंधांत त्याने सांगितले, की कुरण एकसंध ठेवू नका. त्याचे पंधरा-वीस सारखे तुकडे पाडा. गवत तोंडभर वाढले की सगळी गुरे एका तुकड्यात घाला आणि रोज सकाळी नवा तुकडा द्या. पोसायची गुरे पुढे, रोडकी मागून. पुढची शेंडे खातील, मागची उरलेले संपवतील. सल्ला नामी होता, पण लोक तो पुढे विसरून गेले.

आता असं का करायचं, ते गुराच्या तोंडापासून बघू. गाय-बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. जीभ गवताला वेढा घालते आणि हिसका देऊन तोडते. मोकळं सोडलं तर जनावर दांड्यापेक्षा पान, वाळल्यापेक्षा हिरवं आणि जुन्यापेक्षा कोवळं निवडतं. शेणाच्या पोजवळचं गवत कितीही हिरवं असलं तरी हुंगून पुढे जातं. आणि आठवड्यापूर्वी जिथं चरलं, तिथंच परत येतं, कारण तिथं नवी कोवळी फूट आलेली असते. म्हणजे चांगलं ठोंब पुन्हापुन्हा ओरबाडलं जातं आणि न खाल्लेलं गवत राठ होऊन पसरत जातं. कुरण बिघडतं ते असं. त्यात गुरं थोडी असली म्हणून काही वाचत नाही!

हेच फ्रान्सच्या आंद्रे व्वाझँ यांनी उलगडून दाखवले. नॉर्मंडीत दिएपजवळ ते राहत. रसायनशास्त्र शिकलेला, पण स्वतः गायी राखणारा शेतकरी. त्यांचे गवतावरचे मोठे पुस्तक १९५७ साली निघाले आणि विसरलेल्या अँडरसनचे श्रेय त्यांनी त्याला मोकळेपणाने दिले. विद्वान लोक गवताचा अभ्यास कात्रीने करतात, गायीचा गोठ्यात करतात. दोघांची गाठ कुरणात पडते, तिकडे कोणी बघत नाही, अशी त्यांची तक्रार होती. मला तर ती आजही खरी वाटते.

त्यांचे आकडे बघा. मे-जूनमध्ये १८ दिवस विसावा मिळालेल्या गवतापासून हेक्टरी ४,८०० किलो हिरवे गवत मिळे. तेच ९ दिवसांनी चारले तर १,६०० किलो. दिवस निम्मे, पण गवत एक तृतीयांश! कारण चरून गेल्यावर पाने थोडी राहतात, त्यामुळे सुरुवातीची वाढ रडतखडत होते. पुरेशी पाने फुटली की मग गवत झपाट्याने उठते. नेमके त्याच वेळी तोंड लागले, तर ठोंब खचते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वाढ मंदावते, तेव्हा त्यांच्याकडे तेवढ्याच गवताला ३६ दिवस लागत. गुरे एका तुकड्यात तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नयेत, हा त्यांचा नियम. तीन दिवसांनंतर नव्याने फुटलेला कोंब दुसऱ्यांदा खाल्ला जाण्याची भीती.

व्वाझँचा भर मुळांतल्या साठ्यावर होता. पुढच्या संशोधनात दिसले, की गवताचा साठा मुख्यतः जमिनीलगतच्या बुडख्यात असतो आणि मागे राहिलेली पानेही तेवढीच कामाची. म्हणून जमिनीसपाट चराई नडते. पांढऱ्या क्लोव्हरची, म्हणजे आपल्या बरसीमच्या भाऊबंदाची, गोष्ट वेगळी. त्याच्या फांद्या जमिनीवर सरपटतात, जीभ तिथवर पोचत नाही, म्हणून तो तग धरतो.

मुळांचे काय होते, हे अमेरिकेच्या कृषी खात्यातील फ्रँकलिन क्रायडर यांनी १९५५ साली मांडले. निम्मा पाला काढला तर मुळांची वाढ जवळपास चालू राहिली. ८० टक्के काढला तर ती १२ दिवस ठप्प झाली, ९० टक्के काढला तर १७ दिवस. वर ओरबाडलं की खाली मूळ थांबतं, आणि पाऊस ताणला की पहिलं वाळतं ते हेच ठोंब.

व्वाझँ डिसेंबर १९६४ मध्ये क्यूबात व्याख्याने देण्यास गेले आणि तिथेच वारले.

त्यांचे १८ आणि ३६ दिवस आपल्या कुरणाला जसेच्या तसे लावू नका. तिकडे पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो, आपल्या पवन्या-मारवेलची वाढ पावसाळ्यातच होते. आपले दिवस आपण मोजायचे. पहिल्या पावसानंतर कुरणाच्या एका कोपऱ्याला काट्यांचं कुंपण घाला. महिन्याने आतलं एक आणि बाहेरचं एक ठोंब मातीसकट उपटा आणि दोघांची मुळं शेजारी ठेवून बघा.