बुळबुळीतमध्ये आवाज कुठला?

मंडळी, कोलशेतच्या खाडीला ओहोटी लागली की उघडा पडणारा चिखल आपण बघतोच. त्याला आपण म्हणतो बुळबुळीत, लिबलिबीत. पण त्या चिखलातून 'बुळबुळ' असा आवाज कधी ऐकलाय का? नाही ना? मग हा शब्द आला कुठून?

हा वाद फार जुना आहे. यास्काच्या 'निरुक्ता'त कावळ्याचं उदाहरण येतं. यास्क म्हणतो, 'काक' हे नाव आवाजावरून पडलं. पक्ष्यांच्या नावांत असं पुष्कळदा होतं. औपमन्यव नावाच्या आचार्यांना हे मान्य नव्हतं. त्यांच्या मते हाकलून द्यायचा म्हणून तो काक! पुढे मीमांसकांनी शब्द-अर्थाचं नातं उपजत मानलं, तर नैयायिकांनी ते संकेतानं ठरलेलं मानलं.

'झाड' या शब्दापुरतं आम्हाला नैयायिकांचं पटतं. खळखळ, रिपरिप हे शब्द यास्काच्या बाजूचे. ते कानानं दिलेले. पण गुळगुळीत, खरखरीत, भुसभुशीत यांचं काय? साचा तोच, अक्षरांची जोडी दोनदा आणि शेवटी 'ईत'. फक्त ते हाताला लागतात. 'बुळबुळीत' सावकाश म्हणून बघा. 'ळ'ला जीभ मागे वळते आणि निसटते. आम्हाला वाटतं, इथे जीभच स्पर्शाची नक्कल करते. हा तिसरा पक्ष जुन्या वादात राहून गेला.

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची, दुसरी १८५७ची. दात्ये-कर्व्यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. या कोशकारांनी असले शब्द पोरकट म्हणून टाकले नाहीत. संस्कृत शब्दांच्या पंक्तीला बसवले. निबंधात मात्र आपण अजूनही 'लुसलुशीत' खोडून 'मृदू' लिहायला सांगतो. 'मृदू'नं अर्थ कळतो, पण बोटांना काही लागत नाही.

कोलशेतच्या नावात शेत आहे, पण आता शेतांच्या जागी टॉवर आहेत. नांगरलेली भुसभुशीत जमीन इथल्या मुलांच्या पायाखाली येत नाही. वस्तू गेली की शब्द कोशात उरतो, तोंडात उरतोच असं नाही. म्हणून नातवंडांना या शब्दांचे अर्थ पाठ करायला लावू नका. कुंडीतली माती उकरायला द्या, भेंडी चिरायला बसवा, आणि हाताला काय लागलं ते विचारा. शब्द ती स्वतःच शोधतील. एखादा नवाही करतील.