सीमा आणि शाप : अँग्लो-सॅक्सन सनदा व उत्तर कोकणातील शिलाहार लेखांतील लोकभाषा

प्रस्तावना

इंग्लंडच्या इतिहासातील इसवी सनाच्या पाचव्या शतकापासून १०६६ मधील नॉर्मन विजयापर्यंतचा काळ अँग्लो-सॅक्सन कालखंड म्हणून ओळखला जातो. आपल्या महाविद्यालयांत हा विषय मुख्यत्वे इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक्रमात, 'बेओवुल्फ' या महाकाव्याच्या निमित्ताने येतो आणि दोन-चार व्याख्यानांत संपतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्याचे काय प्रयोजन, आणि तेही भिवंडी तालुक्यातील दिघाशीसारख्या ग्रामीण परिसरात, असा प्रश्न कोणी विचारल्यास तो गैर म्हणता येणार नाही. परंतु याच कालखंडाच्या उत्तरार्धात आपल्या या प्रदेशावर स्थानक म्हणजे आजचे ठाणे येथून शिलाहार घराणे राज्य करीत होते. दोन्ही राजवटींचा परस्परांशी कसलाही संबंध नव्हता. मात्र दोहोंनी मागे ठेवलेल्या साधनांत एक प्रकार समान आहे, तो म्हणजे भूमिदानाचा लेख. तिकडे हा लेख लॅटिनमध्ये लिहिला जाई, इकडे संस्कृतमध्ये. सामान्य माणूस यांपैकी कोणतीच भाषा बोलत नव्हता. मग त्याची बोली या राजलेखांत नेमकी कोठे शिरली आणि तेथेच का शिरली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

इ. स. ९९७

तुलनेसाठी एक वर्ष घेणे सोयीचे होईल. शिलाहार राजा अपराजित याचा शके ९१९ म्हणजे इ. स. ९९७ चा ताम्रपट 'भादाण ताम्रपट' या नावाने अभ्यासकांना परिचित आहे. एफ. कीलहॉर्न यांनी तो 'एपिग्राफिया इंडिका'मध्ये प्रसिद्ध केला. त्यात लवणेतट येथील लोणादित्य या देवतेस भादाण हे गाव दान दिल्याची नोंद आहे. लवणेतट म्हणजे आजचे लोनाड आणि भादाण म्हणजे भादाणे. ही दोन्ही गावे भिवंडी तालुक्यातीलच आहेत. या ताम्रपटाचे आणखी एक वैशिष्ट्य असे की शिलाहारांच्या आधी त्यांच्या सार्वभौम राष्ट्रकूटांची वंशावळ दिली आहे आणि तैलपाने ते राज्य बुडविल्याचा खेदपूर्वक उल्लेख केला आहे. राष्ट्रकूट सत्ता ९७३ मध्ये संपली होती. ती संपून चोवीस वर्षे झाली तरी मांडलिकाला तिचे स्मरण करावेसे वाटले, ही गोष्ट राजकीय इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

त्याच ९९७ साली इंग्लंडच्या गादीवर दुसरा एथेलरेड होता. 'अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल' या इतिवृत्तानुसार त्या वर्षी डॅनिश आक्रमकांनी नैऋत्य इंग्लंडमध्ये लुटालूट करून टॅव्हिस्टॉकचा मठ जाळला. मठ जळाला की त्याची दप्तरेही जळत, आणि जमिनीचा हक्क ठरविणारा कागद म्हणजे, किंबहुना चर्मपत्र म्हणजे, त्या दप्तरातील सनदच असे. आपल्याकडे हा हक्क तांब्यावर कोरला जाई, त्यामुळे भादाणचा लेख हजार वर्षांनंतरही वाचता येतो. असे असले तरी इंग्लंडमध्ये साधन टिकले नाही असे मुळीच नाही. पीटर सॉयर यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचीत दीड हजारांहून अधिक अँग्लो-सॅक्सन सनदांची नोंद आहे. मूळ स्वरूपात उपलब्ध असलेली सर्वांत जुनी सनद केंटचा राजा ह्लोथेर याची, इ. स. ६७९ ची आहे.

सीमेची भाषा

या सनदांचा मुख्य भाग लॅटिनमध्ये असतो. देवाचे स्मरण, राजाचे नाव व बिरुदे, दान घेणारा, साक्षीदार असा हा क्रम आपल्या ताम्रपटांच्या वाचकाला परका वाटणार नाही. मात्र जमिनीची हद्द सांगण्याची वेळ आली की लेखक लॅटिन सोडतो आणि प्राचीन इंग्रजीत लिहू लागतो. दहाव्या शतकात तर हा प्रघातच पडला. सीमावर्णन एका खुणेपासून सुरू होते, बहुधा सूर्याच्या गतीच्या दिशेने फिरते आणि पुन्हा पहिल्या खुणेपाशी येऊन थांबते. जुना चर, काटेरी झाड, ओढ्याचा उतार, कोल्ह्यांची बिळे, 'पाखंड्यांचे दफनस्थान' अशा त्या खुणा असतात. ख्रिस्ती मठाच्या सनदेत ख्रिस्तपूर्व धर्माच्या थडग्याला हद्दीचे मोल यावे, हे मौजेचे आहे.

येथे भाषा का बदलली? प्रस्तुत लेखकाच्या मते याचे कारण व्यवहारात आहे. सीमा ही चालून पाहण्याची गोष्ट होती. वाद निर्माण झाल्यास साक्ष देणारे शेजारीपाजारी लॅटिन जाणत नव्हते आणि त्या खुणांची नावे लॅटिनमध्ये नव्हतीच. आजही दिघाशी परिसरातील शेतकऱ्याला त्याच्या शेताची हद्द विचारावी. तो गट क्रमांकाआधी ओहोळ, बांध आणि कोणाच्या तरी नावाची चिंच सांगेल.

शिलाहार लेखांत सीमेची पद्धत निराळी आहे. तेथे पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर अशी चतुःसीमा दिलेली असते. गावांची व नद्यांची नावे स्थानिक असली, तरी ती संस्कृत वाक्यात बसविलेली असतात. म्हणजे आपल्याकडे लोकभाषा सीमेच्या दाराने, निदान वाक्य म्हणून, आत आली नाही. तिचे दार वेगळे होते.

शापाची भाषा

दान मोडणाऱ्याला शाप देण्याची रीत दोन्हीकडे आहे. अँग्लो-सॅक्सन सनदेत असा मनुष्य विश्वासघातकी ज्यूडाससह नरकात जाईल, किंवा बायबलमधील डाथान व अबिराम यांच्याप्रमाणे भूमी त्याला गिळेल, अशी भीती घातलेली असते. सनदांतील ही शापवचने बहुधा लॅटिनमध्येच आहेत. अपवाद मृत्युपत्रांचा आहे. ती इंग्रजीत लिहिली जात आणि त्यांतील शापही त्याच भाषेत असत. शिलाहार ताम्रपटांतील शापही संस्कृतात आहेत. भूमी हरण करणारा साठ हजार वर्षे विष्ठेतील कृमी होतो, हे वचन तर भारतभरच्या दानलेखांत आढळते.

ताम्रपट दान घेणाऱ्याच्या घरी वा देवळात राही. शिळेचे तसे नव्हते. ती उघड्यावर उभी असे आणि तिच्यासमोरून गुराखी, नांगऱ्या, गावचा अधिकारी असे सर्वच जात. या शिळांवर मात्र मराठी उतरते. दुसऱ्या अपरादित्याच्या शके ११०८ (इ. स. ११८७) च्या परळ येथील शिलालेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे आणि शेवटचा शाप मराठीत. हाच शाप पुढे 'गद्धेगाळ' म्हणून ओळखला गेला. वर चंद्र-सूर्य व बहुधा कलश, खाली स्त्री आणि गाढव यांचे शिल्प, असे या शिळेचे रूप असते. ज्याला अक्षर कळत नाही त्याच्यासाठी चित्र, ज्याला संस्कृत कळत नाही त्याच्यासाठी मराठी, असा हा दुहेरी बंदोबस्त आहे. अक्षी (ता. अलिबाग) येथील लेख यापुढे जाऊन मराठीतच आहे आणि त्यातही हा शाप आहे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी त्याचा काळ शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ असा वाचला. काही अभ्यासकांना हे वाचन मान्य नाही.

या शापाचा अर्थ वर्गात सांगताना शिक्षकाची जीभ अडखळते, हे येथे नमूद करावयास हवे. दान मोडणाऱ्याच्या आईला दिलेली ती शिवी आहे. शिळेतील स्त्री म्हणजे भूमी आणि गाढव म्हणजे तिचे उजाड होणे, असा अर्थ काही अभ्यासक लावतात. सतराव्या शतकात पुण्यावर गाढवाचा नांगर फिरविला गेला ही घटना आणि त्यावरून रूढ झालेला वाक्प्रचार त्यास पूरक आहे. पण एवढ्याने शिवीचे शिवीपण जात नाही. अपराध पुरुषाचा, आणि त्याला आवरण्याचे साधन त्याची आई. राजलेखात मराठीला मिळालेल्या आरंभीच्या जागांपैकी एक अशी आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा घोषित झाला, तेव्हा भाषेच्या प्राचीनतेवर बरेच बोलले गेले. त्या चर्चेत या शिळांचे नाव घेताना त्यांवरील मजकूर झाकून ठेवणे इतिहासाला धरून होणार नाही.

राजा आणि भाषा

दोन्ही परंपरांत एक मोठा फरक आहे. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड (८७१-८९९) याने आपल्या राज्यात लॅटिन जाणणारे दुर्मिळ झाल्याची तक्रार केली आणि पोप ग्रेगरी, बोएथियस यांचे ग्रंथ इंग्रजीत आणण्याचा उपक्रम हाती घेतला. त्याआधी, इ. स. ६०० च्या सुमारास, केंटच्या एथेलबर्टचे कायदेही इंग्रजीत लिहिले गेले होते. उत्तर कोकणातील पहिला अपरादित्य हाही विद्वान राजा होता. त्याने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'अपरार्क' नावाने प्रसिद्ध असलेली टीका लिहिली, पण ती संस्कृतात. त्याच्या राज्यात मराठी बोलली जात होती. मात्र तिच्यात कायदा लिहावा असे त्या काळी कोणाच्या मनात आल्याचे दिसत नाही. 'लीळाचरित्र' आणि 'ज्ञानेश्वरी' यांना अजून शतकाहून अधिक अवकाश होता.

पुढील काळात चित्र उलटले. १०६६ नंतर काही वर्षे विजयी विल्यमच्या कचेरीतून इंग्रजी आज्ञापत्रे निघत राहिली, परंतु १०७० च्या सुमारास त्यांची जागा लॅटिनने घेतली. उत्तर कोकणातील शिलाहार राज्य १२६५ च्या सुमारास यादवांनी जिंकले आणि पुढे यादवही गेले. तरीही नागाव (ता. अलिबाग) येथील शके १२८९ म्हणजे इ. स. १३६७ च्या शिलालेखात शकाबरोबर हिजरी सन आला आहे, मजकूर मराठी आहे आणि शेवटी तोच गाढवाचा शाप आहे.