आंदणाचं गाव

मुलीच्या लग्नात आंदण काय द्यायचं, याच्या घराघरातल्या रीती ठरलेल्या असतात. कुणी तांब्या-पितळेची भांडी देतं, कुणी समई, कुणी दुभती गाय. पुढं पुढं कपाट आणि स्कूटर आली, आणि 'आम्ही काही मागितलं नव्हतं हो' असं म्हणत मंडळी तीही घेऊ लागली. पण एखादं अख्खं गाव, किल्ल्यासकट, आंदणाच्या यादीत घातल्याचं तुम्ही ऐकलंय का? आमच्या सोलापूरच्या नशिबी हा योग दोनदा आला.

सोळाव्या शतकात आम्हाला दोन शेजारी होते. दक्षिणेला शंभर किलोमीटरवर विजापूरची आदिलशाही आणि पलीकडच्या अंगाला अहमदनगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची, निजामशाही. मधे सोलापूर. दोन भावांच्या वाटणीत बांधावरचं आंब्याचं झाड यावं, तसं. भांडून भांडून दमल्यावर १५२४ मध्ये दोघांनी सोयरीक करायचं ठरवलं. भेट सोलापुरातच झाली. इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम बुऱ्हाण निजामशहाला दिली. बोलणी करणाऱ्यांनी सांगितलं होतं, की मुलीबरोबर सोलापूर देऊ. नवरी नगरला गेली, सोलापूर जागचं हललं नाही! 'असं काही आमचं ठरलंच नव्हतं,' ही वरवाक्यं तेव्हापासूनची आहेत. फरक एवढाच, की आपल्याकडे व्याही अशा वेळी पंक्तीतून उठतात. तिथं ते फौज घेऊन आले.

पुढं किल्ला इकडून तिकडं होत राहिला. अखेर विजयनगरविरुद्ध एकत्र यायचं म्हणून पुन्हा लग्न निघालं. आता मुलगी नगरची. हुसेन निजामशहाची लेक चांदबीबी अली आदिलशहाला दिली आणि तिच्याबरोबर आंदण म्हणून सोलापूर. या खेपेला मात्र यादीप्रमाणे माल पोचला. जानेवारी १५६५ मध्ये तालिकोटची लढाई होऊन विजयनगरचं साम्राज्य कोसळलं. त्या एकीच्या तहात एक कलम आमच्या गावाचं होतं. पण दोन्ही लग्नांत 'काय रे बाबा, तुला कुठं राहायचंय?' असं सोलापूरला कुणी विचारलं नाही.

हे सगळं पुराण मला तोंडपाठ आहे, कारण ते आमच्या घरात रोज चालू असतं. मी सोलापूरचा आणि हिचं माहेर विजापूर. २०१४ पासून त्याचं सरकारी नाव विजयपुर झालंय, पण माहेराचं नाव गॅझेटमध्ये छापून बदलत नाही. मी निवृत्त झालो, भाड्याचं जुनं घर सोडायची वेळ आली, तेव्हा एका रात्री भाकरी थापता थापता ही म्हणाली, ''अहो, चाळीस वर्षं मी तुमच्या गावात राहिले. आता थोडी वर्षं तुम्ही माझ्या गावात राहून बघा की.''

मी म्हटलं, ''विजापुरात आहे काय? घुमटं!''

''आणि इथं काय आहे? पाण्याची वाट बघायची. चार दिवसांनी नळ, तोही रात्री. आमच्याकडे अली आदिलशहानं बायकोच्या नावानं चांदबावडी बांधली. तुम्ही चाळीस वर्षांत टाकीला झाकण बसवलं नाही.''

आता १५७९ सालच्या विहिरीशी तुलना केल्यावर नवऱ्यानं बोलावं काय? शिवाय ही गोलघुमटाच्या गावची. तिथं एकदा बोललेलं अनेकदा ऐकू येतं. मला ते आठवडाभर ऐकू आलं.

मग मी इतिहासाला शरण गेलो. म्हटलं, बघ, माणसांनी आपल्या पायांनी कुठलं गाव निवडलं ते बघ. १८६० मध्ये सोलापुरात रेल्वे आली. १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाली, मागोमाग आणखी गिरण्या आल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकातून कानडी मंडळी आली, मराठवाड्यातून दुष्काळाला कंटाळलेले शेतकरी आले. एका बोळात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी अशा चार भाषांतून भांडण ऐकू येतं आणि समेट 'जाऊ दे की बे' या एकाच वाक्यात होतो, असं दुसरं गाव दाखव! तेव्हा तुझं विजापूर काय करत होतं? पडक्या महालांत वटवाघळं सांभाळत होतं. १८८५ मध्ये कलादगीचं जिल्ह्याचं ठाणं तिथं हलवलं आणि साहेबांनी महालांत कचेऱ्या थाटल्या, तेव्हा कुठं गावात पुन्हा दिवे लागले.

''तुमचे पणजोबा कुठनं आले हो गिरणीत?'' हिनं शांतपणे विचारलं.

पणजोबा आले इंडी तालुक्यातून. आणि इंडी तालुका विजापूर जिल्ह्यात!

मी घाईघाईनं सांगितलं, की १८३८ मध्ये सोलापूरचा पोटजिल्हा झाला तेव्हा इंडी आमच्याकडेच होतं. पण हिनं भाकरी उलटली आणि म्हणाली, ''म्हणजे तुम्हीही आमच्याकडचेच. आंदणातच आलात म्हणायचं.''

गंमत म्हणजे हे 'आमच्याकडचं, तुमच्याकडचं' पूर्वी इतकं पक्कं नव्हतं. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत सोलापूर आणि विजापूर एकाच मुंबई राज्यात होती. त्या दिवशी विजापूर म्हैसूर राज्यात गेलं आणि सासर-माहेराच्या मधे राज्याची हद्द आली. मग महाजन आयोग बसला. १९६७ च्या त्याच्या अहवालात अक्कलकोट कर्नाटकाला द्यावं अशी शिफारस निघाली, ती महाराष्ट्रानं मान्य केली नाही. आंदणाच्या याद्या विसाव्या शतकातही चालूच! आणि या भांडणाऱ्या घरांत जेवायला काय, तर दोन्हीकडे ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. संक्रांतीला आमच्याकडे सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा, आणि त्याच दिवसांत विजापुरातही सिद्धेश्वराची जत्रा. देव दोन्ही गावी एकाच वेळी हजर राहतो; आम्हा माणसांनाच ते जमत नाही.

एका दुपारी मात्र थट्टा जरा बाजूला राहिली. चांदबीबीचं पुढं काय झालं, असं हिनं विचारलं. मी सांगितलं, की १५८० मध्ये नवऱ्याचा खून झाला. लहानग्या इब्राहीमच्या नावानं तिनं विजापूरचा कारभार पाहिला. दरबाऱ्यांनी तिला मधे साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेतही टाकलं. पुढं ती माहेरी नगरला आली. अकबराच्या फौजेनं १५९५ मध्ये नगरला वेढा घातला, तेव्हा तिनं किल्ला लढवला. आणि १६०० मध्ये, मोगलांना फितूर झाली अशा संशयावरून, माहेरच्याच माणसांनी तिला मारलं.

ही बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ''सासरी कैद आणि माहेरी मरण. आणि आंदण म्हणून गेलेल्या किल्ल्याचा हिशेब तेवढा सगळ्यांनी लिहून ठेवला.''

मला एकदम जाणवलं, की मी इतके दिवस दोन शहरांची तुलना करत होतो आणि हिचा प्रश्न शहरांचा नव्हताच. पाणी, गिरण्या, घुमट यांचा तर नव्हताच नव्हता. एकवीस वर्षांची मुलगी ट्रंक घेऊन होटगीमार्गे सोलापूर स्टेशनात उतरली, तेव्हा तिलाही कुणी विचारलं नव्हतं, की तुला कुठं राहायचंय? गाव निवडायची चैन आम्हा पुरुषांची, आणि ती तरी कुठं? पणजोबांना गिरणीच्या भोंग्यानं बोलावलं, मुलाला पुण्यातल्या नोकरीनं. ज्याला खरोखर निवडता येतं, असा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

शेवटी तह झाला. आम्ही घर घेतलं ते विजापूर रोडवर, जुळे सोलापुरात. एका गावाचं मन मोडू नये म्हणून दुसऱ्या गावाच्या रस्त्यावर राहायचं, आणि वस्तीचं नावही जुळे! पत्ता लिहिताना 'विजापूर' हा शब्द ही जरा ठळक काढते. पहिल्या दिवशी गॅलरीत उभी राहून दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्या बघत म्हणाली, ''हे ठीक आहे. पण हा नुसता तह झाला. आंदण अजून यायचंय.''

या एका वाक्यावर बुऱ्हाण निजामशहानं काय काय केलं, हे मला तारीखवार ठाऊक आहे. तेव्हापासून मी दर महिन्याचे आठ दिवस निमूटपणे विजापुरात काढतो. मेहुण्यांच्या घरी मोडकं कानडी बोलतो आणि सकाळी हिच्याबरोबर गोलघुमटापर्यंत फिरून येतो. बाकीचे बावीस दिवस अजून बोलण्यांत आहेत.