पंधरा मिनिटांचे पाहुणे

5 मे 2025 ला स्काइप बंद झालं. आमच्या पिढीतल्या परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाला ती रिंग अजून झोपेतही ओळखू येईल. रविवारची सकाळ, इकडे पहिला चहा, तिकडे संध्याकाळचा कुकर लागलेला, आणि कॅमेऱ्यात आईचं फक्त कपाळ! (आई, चिडू नकोस, नंतर तुला छान जमलं.) पण त्यावर आपल्या सगळ्यांचं हळहळून झालंय. मला आठवलं ते याच स्काइपने इथल्या शाळांच्या लायब्ररीत केलेलं काम. लेक प्राथमिक शाळेत असताना मी तिच्या शाळेत आठवड्यातून एक दिवस पुस्तकं लावायला जायचे, त्यामुळे या गोष्टीचा एक तुकडा जवळून बघायला मिळाला. बाकीचा नंतर वाचत गेले, आणि वाचता वाचता शंभर वर्षं मागे जाऊन पोचले.

अमेरिकेत शाळेत लेखक येणं हा एक समारंभच असतो. हॉल, पोस्टर, पुस्तकांवर सह्या. पण लेखकाचं मानधन, विमान, हॉटेल धरलं की एका दिवसाचे एक-दोन हजार डॉलर सहज होतात. ज्या शाळेच्या पालकसंघाकडे पैसे, तिथे लेखक येणार. ज्या गावात पुस्तकाचं दुकानसुद्धा नाही तिथल्या मुलांना पुस्तक हाताने लिहिणारा जिवंत माणूस असतो हे ऐकूनच माहीत.

दुरून पाहुणा आणायची हौस मात्र जुनी आहे. बीबीसीने शाळांसाठी पहिला कार्यक्रम प्रसारित केला 1924 च्या एप्रिलमध्ये, वॉलफर्ड डेव्हिस यांचा, संगीतावरचा. इकडे 1929 च्या जानेवारीत बेन डॅरो नावाच्या गृहस्थांनी 'ओहायो स्कूल ऑफ द एअर' सुरू केलं. खेड्यातल्या मुलांना शहरातले उत्तम वक्ते ऐकता यावेत, हा हेतू. मग 1937 च्या सप्टेंबरमध्ये शिकागोत पोलिओची साथ आली, शाळा उघडेनात, तेव्हा तीन आठवडे तीन लाखांहून जास्त मुलांचे धडे रेडिओवरून झाले. वेळापत्रक वर्तमानपत्रांत छापून यायचं. 2020 मध्ये 'असं कधी झालंच नव्हतं' असं आपण सगळे म्हणत होतो ना, ते आठवून मला जरा गंमत वाटली.

आपल्याकडेही आकाशवाणीचे शालेय कार्यक्रम होतेच. आमच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीतला रेडिओ त्या वेळेपुरता वर्गात यायचा, आणि आम्ही हाताची घडी घालून ऐकायचो. आवाज सुंदर, भाषा सुंदर. पण हात वर करायची सोय नव्हती! रेडिओचा पाहुणा आपलं बोलून निघून जायचा. शिकागोवाल्यांना हे लगेच कळलं होतं, त्यांनी शंका विचारायला फोनची वेगळी सोय केली होती. ओहायोच्या त्या आकाशशाळेने मात्र काही वर्षांत गाशा गुंडाळला.

मुलांनी प्रश्न विचारायचा आणि पाहुण्याने त्याच क्षणी उत्तर द्यायचं, याचं मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण लेखकाचं नाही, अंतराळवीराचं आहे. 21 डिसेंबर 2000 ला शिकागोजवळच्या बरबँक गावातल्या ल्यूथर बरबँक शाळेतली मुलं हॅम रेडिओवरून अंतराळ स्थानकावरच्या बिल शेपर्ड यांच्याशी बोलली. स्थानक क्षितिजावर उगवून पलीकडे मावळेपर्यंत मिळतात जेमतेम दहा मिनिटं. मग मुलं रांगेत, हातात प्रश्न लिहिलेला कागद, एकाने विचारायचं, 'ओव्हर' म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. दहा मिनिटंच आहेत म्हटल्यावर कुणी 'तुमचा आवडता रंग कोणता' असले प्रश्न वाया घालवत नाही. अशा गाठी अजूनही होतात.

असो. तर लायब्ररी.

1996 च्या दूरसंचार कायद्यातून अमेरिकेत 'ई-रेट' नावाची सवलत आली. शाळा जितकी गरीब आणि आडगावची तितकी इंटरनेटच्या खर्चात सूट जास्त, वीस टक्क्यांपासून थेट नव्वद टक्क्यांपर्यंत. तारा शाळेपर्यंत पोचल्या, आणि बऱ्याच ठिकाणी चांगला संगणक आणि प्रोजेक्टर लायब्ररीतच ठेवला गेला. 2003 मध्ये स्काइप आलं, त्यात चित्र यायला अजून दोनेक वर्षं गेली. फुकट, आणि कुणाची परवानगी न काढता वापरता येणारं. शाळेतल्या ग्रंथपालबाईंच्या लक्षात आलं की विमानाचा खर्च आता उरला नाही.

मोना कर्बी या मेरीलँडमधल्या लेखिका, ग्रंथपालांना शिकवणाऱ्या प्राध्यापिका. त्यांनी आणि न्यूयॉर्क राज्यातल्या सारा चॉन्सी या ग्रंथपालबाईंनी मिळून 'स्काइप ॲन ऑथर नेटवर्क' नावाची एक साधी यादी इंटरनेटवर ठेवली. लेखकांनी आपलं नाव घालायचं, शाळांनी थेट त्यांना लिहायचं. नियम मला फार शहाणपणाचा वाटतो: दहा-पंधरा मिनिटांची भेट फुकट, पण मुलांनी लेखकाचं निदान एक पुस्तक आधी वाचलेलं असलं पाहिजे. जास्त वेळ हवा असेल तर पैसे, आणि किती ते लेखक ठरवणार.

या एका अटीने सगळं काम ग्रंथपालबाईंकडे आलं, आणि ते मी पाहिलंय. एका पुस्तकाच्या पंचवीस प्रती गोळा करायच्या. आपल्याकडे सहा, बाकीच्या आसपासच्या लायब्रऱ्यांतून. ज्यांना वाचन जड जातं त्यांना दुपारी वाचून दाखवायचं. प्रत्येकाकडून तीन प्रश्न कार्डावर लिहून घ्यायचे, एकसारखे बाजूला काढायचे, आणि उरलेल्यांचा क्रम असा लावायचा की लाजाळू मूल पहिलं यावं, कारण नंतर त्याचा धीर सुटतो. आदल्या दिवशी लेखकाबरोबर चाचणी. आमच्या बाईंकडे एक कागद कायम भिंतीवर असायचा, आपले सकाळचे दहा म्हणजे कुठे किती: कॅलिफोर्नियात सात, इंग्लंडात दुपारचे तीन. भारताच्या ओळीत मीच पेनने दोन आकडे लिहिले होते, उन्हाळ्यात रात्रीचे साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. (आपण घड्याळ बदलत नाही हे त्यांना मोठं नवल!)

एकदा एका मुलाने पडद्यावरच्या लेखकाला विचारलं, "कुत्रा मेला ते पान लिहून झाल्यावर तुम्ही काय केलंत?" पलीकडे थोडा वेळ शांतता. मला वाटलं नेट गेलं. मग लेखक म्हणाला की तो उठून अंगणात गेला. एवढंच. ते पान त्या वर्गातल्या सगळ्यांनी वाचलेलं होतं, म्हणून कुणी हसलं नाही.

ही गोष्ट मग पसरली. केट मेसनर या लेखिकेने 2010 मध्ये शाळा-ग्रंथपालांच्या 'स्कूल लायब्ररी जर्नल' मासिकात यावर लिहिलं, आणि फुकट भेट देणाऱ्या लेखकांची यादी त्याही ठेवू लागल्या. 2011 च्या सुमारास स्काइपनेच वर्गांसाठी वेगळा विभाग काढला. आणि इथे आपला एक माणूस येतो: सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी. त्यांनी स्काइपवरून परदेशातल्या वर्गांशी आपल्या मुलांची गाठ घालून दिली, आणि स्वतः कितीतरी वर्गांचे पाहुणे झाले. 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला, दहा लाख डॉलरचा, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ जणांत वाटली. ते ऐकून आमच्या बाईंनी त्यांच्या नावाचा उच्चार माझ्याकडून तीनदा घोटून घेतला होता.

2020 मध्ये सगळी शाळाच पडद्यावर आली. झूमने शाळांसाठी चाळीस मिनिटांची मर्यादा उठवली, प्रकाशकांनी पुस्तकं ऑनलाइन वाचून दाखवायला तात्पुरती परवानगी दिली, आणि लेखक हवे तितके मिळू लागले. दोनशे-तीनशे मुलं एका वेळी, माइक बंद. माझ्या मते तो परत रेडिओच होता. कुत्र्याचा प्रश्न तिथे कुणी कसा विचारणार?

स्काइप गेलं याचं मला म्हणून फारसं वाईट वाटत नाही, त्याच्या जागी दुसरं आलेलंच आहे. वाईट वाटतं ते प्रश्नांची कार्डं लावणाऱ्या माणसांचं. 2000 नंतरच्या पंधरा-सोळा वर्षांत अमेरिकेतल्या शाळांतली ग्रंथपालांची जवळजवळ एक पंचमांश पदं गेली. फिलाडेल्फियात 1991 मध्ये पावणेदोनशेच्या आसपास शाळा-ग्रंथपाल होते, वीसेक वर्षांत ते दहा-बाराच्या घरात आले. एवढं मोठं शहर, आणि आमच्यापासून गाडीने तासाभरावर. तिथेही शाळांत इंटरनेट आहे, प्रोजेक्टर आहेत.

लेकीच्या जुन्या शाळेतही आता पूर्ण वेळ ग्रंथपाल नाही. तिथल्या बाई मंगळवारी आणि गुरुवारी गावातल्या दुसऱ्या शाळेत असतात. त्यामुळे लेखकांच्या वेळा सोमवार, बुधवार, शुक्रवार बघूनच घ्याव्या लागतात, आणि कार्डांचा डबा गाडीच्या डिकीत असतो.