इगतपुरीची शीव व मनमाडची वीज

विजेची आगगाडी मुंबईकडून निघून १९३० च्या सुमारास थळघाट चढली, इगतपुरीस पोहोंचली आणि तेथेंच थांबली. पुढें मनमाडपर्यंत येण्यास तिला १९६७-६८ साल उजाडावें लागलें. मधल्या सुमारें ३७ वर्षांत मनमाड हें वाफेच्या इंजिनांचेंच ठाणें राहिलें. धोंडहून १८७८ सालीं आलेला फांटा व नंतर निजामी मुलखांतून आलेली गोदावरी खोऱ्याची लाईन यांमुळें हें जंक्शन मोठें. मग वीज त्याच्या उंबरठ्यावर कां अडावी? सरकारची अनास्था, हें उत्तर सोपें आहे. परंतु विषयाचें अंतरंग पाहतां तें पुरतें पटत नाहीं. आमच्या मतें हा प्रश्न अनास्थेचा थोडा व गणिताचा फार आहे.

वीज उत्पन्न करणें ही एक गोष्ट व ती दूर नेणें ही दुसरी. तारेंत होणारा शक्तीचा नाश प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतो. तीच शक्ति दुप्पट दाबानें नेली, तर प्रवाह निमपट होतो व नाश चतुर्थांशावर येतो. टाटांनीं लोणावळ्याकडील तलावांचें पाणी खोपोलीस पाडून १९१५ सालीं मुंबईस वीज आणली, ती या न्यायानें सुमारें एक लक्ष व्होल्टांच्या दाबावर. त्यानंतर भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) येथील कारखाने झाले. भिऱ्यासाठीं मुळशीचें खोरें पाण्याखालीं गेलें. सेनापति बापटांचा तेथील सत्याग्रह वाचकांस ठाऊकच आहे. त्या बुडित गांवांच्या वतनी कागदांचें पुढें काय झालें, याचा शोध कोणा संग्राहकानें मनावर घ्यावा.

रेल्वेची अडचण निराळी होती. जी. आय. पी. रेल्वेनें ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदर ते कुर्ला ही हिंदुस्थानांतील पहिली विजेची गाडी चालविली, ती १,५०० व्होल्टांच्या एकदिश प्रवाहावर. गाडी ओढण्यास त्या काळीं एकदिश प्रवाहाचा मोटारच सोयीचा. आणि एकदिश प्रवाहाचा दाब इंजिनांतच हवा तसा उतरविण्याची युक्ति तेव्हां नव्हती. म्हणून रुळांवरील तारेंतच अल्प दाब ठेवणें भाग पडे. २,००० किलोवॅट शक्ति घेणाऱ्या एका इंजिनास या दाबानें सुमारें १,३३३ अँपिअर प्रवाह लागतो. एवढा प्रवाह वाहण्यास तांब्याची तार जाड पाहिजे, व थोड्याथोड्या मैलांवर उपकेंद्र पाहिजे. थळघाटांत ३७ फुटांस एक फूट असा चढ. तेथें वाफेची इंजिनें दमत, म्हणून हा खर्च परवडला. रेल्वेनें त्यासाठीं कल्याणजवळ चोळें येथें स्वतःचें वीजघर बांधलें. घाटमाथ्यावर इगतपुरीच्या पुढें असा चढ नाहीं. सपाटीवर त्याच रीतीनें तांबें व उपकेंद्रें पसरीत मनमाड गांठणें हिशेबास धरून नव्हतें. शीव पडली ती येथें.

ती पुढें ढकलली संशोधनानें. पारा वापरून प्रत्यावर्ती प्रवाहाचा एकदिश प्रवाह करणारें यंत्र इंजिनावरच बसविण्याजोगें झालें, तेव्हां तारेंत उंच दाब ठेवून तो इंजिनांत उतरविणें शक्य झालें. फ्रान्समध्यें १९५० च्या सुमारास याचे प्रयोग यशस्वी झाले, व भारतीय रेल्वेनें १९५७ सालीं २५,००० व्होल्टांची पद्धति स्वीकारली. १९५९ सालीं राजखरसावां भागांत तिचा आरंभ झाला. वर सांगितलेल्या इंजिनास आतां १,३३३ ऐवजीं सुमारें ८० अँपिअर पुरूं लागले. त्याच तारेंतील नाश सुमारें २७८ व्या हिश्शावर आला, आणि उपकेंद्रें कित्येक कोसांच्या अंतरावर ठेवतां आलीं. इगतपुरी-मनमाड मार्ग विजेचा झाला तो या पद्धतीनें.

यामुळें इगतपुरीस दोन प्रवाहांची सरहद्द निर्माण झाली. गाडीचें इंजिन तेथें बदलावयाचें. स्टेशनांतील कांहीं तारांस तर पाहिजे तो प्रवाह देण्याची सोय केलेली होती. ताम्रपटांत गांवाच्या चतुःसीमा वाचणाऱ्या आम्हां मंडळींस हें स्थळ अपरिचित वाटूं नये. २००६ सालीं घाटांतील तारही २५,००० व्होल्टांची झाली व ती शीव पुसली गेली. किल्ल्याचा पडका बुरूज निदान दिसतो. ही सरहद्द तारांच्या नकाशांत व उपकेंद्रांच्या नोंदवह्यांतच उरावयाची, आणि असा कागद रद्दींत जाण्यास फार दिवस लागत नाहींत. अंकाई-टंकाईचे लेख टिपून घेणाऱ्यांनीं मनमाडास उतरल्यावर याही कागदांची विचारपूस करावी.

एकदिश प्रवाह मात्र संपला असें कोणी समजूं नये. मुंबई-नाशिक रस्त्यावरील पडघें येथें चंद्रपुराहून १९९९ पासून सुमारें ७५० किलोमीटरांची वाहिनी वीज आणीत आहे. ती एकदिश प्रवाहाचीच, पण दाब ५,००,००० व्होल्ट. सिलिकनच्या झडपांनीं दोन्ही टोकांस प्रवाहाची जात पालटतां येऊं लागली, म्हणून १,५०० व्होल्टांवर इगतपुरीस अडलेला प्रवाह विदर्भाहून घाटाखालीं उतरूं शकला.