फर्माइशी श्रोते (चित्रपटसंगीताचे)

फर्माइशी श्रोते : चित्रपटातील गीते व संगीत चित्रपटगृहाबाहेर ऐकणारा, आपली आवडनिवड पत्राने नभोवाणी केंद्राला कळविणारा आणि इतरांची आवड निवेदकाच्या तोंडून ऐकणारा श्रोतृवर्ग. भारतात हा वर्ग १९५० नंतरच्या दशकात उदयास आला आणि सु. चाळीस वर्षे त्याचा प्रभाव टिकून होता. परस्परांना कधीही न भेटलेल्या लक्षावधी माणसांनी ‘आम्ही सध्या काय ऐकतो आहोत’ हे एकमेकांना कळविण्याची ही पहिली व्यापक व्यवस्था होती. तिचा इतिहास बहुधा मुंबई व कोलंबो येथील प्रक्षेपणकक्षांच्या अंगाने सांगितला जातो. तथापि चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशातील अहेरीसारख्या ठिकाणाहून पाहिले असता तिचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा अधिक स्पष्टपणे दिसतात.

बोलपटाच्या प्रारंभी चित्रपटसंगीताचा रसिक हा मुख्यतः प्रेक्षक होता. अयोध्येचा राजा (१९३२) या चित्रपटातील गोविंदराव टेंबे यांच्या चाली लोकांनी चित्रपटगृहात ऐकल्या. त्यांचे घरी पुनःश्रवण ग्रामोफोन असलेल्यांनाच शक्य होते. ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर सु. तीन मिनिटांचेच ध्वनिमुद्रण मावत असल्याने चित्रपटातील संगीतापैकी गीत तेवढे बाहेर आले. पार्श्वसंगीत चित्रपटातच राहिले. कुंकू (१९३७) मध्ये व्ही. शांताराम व संगीतकार केशवराव भोळे यांनी पार्श्वसंगीताला फाटा देऊन दृश्यातील खऱ्या आवाजांवर भर दिला. हा प्रयोग चित्रपटाच्या अभ्यासकांनी वाखाणला. परंतु जे तबकडीवर आले नाही ते श्रोत्याच्या मागणीतही येऊ शकत नव्हते. फर्माइशीचा इतिहास म्हणूनच जवळजवळ सर्वस्वी गीतांचा इतिहास आहे.

श्रोत्यांच्या पत्रांचे सामर्थ्य प्रथम दिसले ते महल (१९४९) या चित्रपटाच्या वेळी. खेमचंद प्रकाश यांनी संगीत दिलेल्या या चित्रपटातील प्रसिद्ध गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे चित्रपटातील पात्राचे नाव छापलेले होते. गीत प्रसारित झाल्यावर ते कोणी गायिले अशी विचारणा करणारी पत्रे नभोवाणीकडे मोठ्या संख्येने आली आणि अखेर लता मंगेशकर हे नाव जाहीर करावे लागले. पार्श्वगायकाला नाव मिळवून देण्यात श्रोत्यांच्या कुतूहलाचा वाटा किती मोठा होता, हे या प्रसंगावरून ध्यानात येते. वाद्यमेळाच्या रचनाकारांच्या वाट्याला मात्र हे भाग्य आले नाही. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांसारख्या गोमंतकीय वादक-संयोजकांनी हिंदी चित्रपटगीतांतील वाद्यरचनेला घाट दिला. तथापि तबकडीवर त्यांचे नाव नसल्याने कोणाही श्रोत्याला ते लिहून पाठविणे शक्य नव्हते. गोन्साल्विस यांचे नाव घरोघरी पोहोचले ते अमर अकबर अँथनी (१९७७) मधील पात्रामुळे, आणि तेही त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्या कृतज्ञतेमुळे.

१९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाले. पुण्यात जन्मलेल्या व शास्त्रीय संगीताचा कैवार घेणाऱ्या या मंत्र्यांच्या कारकीर्दीत (१९५२–६२) आकाशवाणीवरील चित्रपटगीतांचा वाटा कमी करण्यात आला. गीताबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे ही जाहिरात होय, या भूमिकेतून ते वगळण्याचेही ठरले. निर्मात्यांनी प्रक्षेपणाची अनुमती मागे घेतली आणि काही काळ आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. केसकरांच्या धोरणाची टिंगल करण्याची प्रथा आहे. ती सर्वस्वी न्याय्य नाही. अनेक अभिजात गायक-वादकांना याच काळात नभोवाणीचा आधार लाभला आणि पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये सादर झालेल्या गीतरामायणाने रेडिओभोवती माणसे जमविली. मात्र ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके हे त्याचे दोन्ही शिल्पकार चित्रपटसृष्टीतीलच होते, ही गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आकाशवाणीने सोडलेली जागा सिलोन नभोवाणीने घेतली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी उभारलेली शक्तिशाली लघुतरंग प्रक्षेपणयंत्रणा या केंद्राकडे आली होती आणि १९५० मध्ये त्याची व्यापारी सेवा सुरू झाली. डिसेंबर १९५२ पासून बुधवारी रात्री प्रसारित होणारी ‘बिनाका गीतमाला’ अमीन सयानी (१९३२–२०२४) यांच्या निवेदनाने गाजली. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण मुंबईत होई आणि फिती विमानाने कोलंबोस जात. पहिल्या कार्यक्रमाला सु. ९,००० पत्रे आली व वर्षभरात त्यांची संख्या आठवड्याला सु. ६५,००० पर्यंत गेली, असे सयानी सांगत. इतकी पत्रे हाताळणे अशक्य झाल्याने १९५४ च्या अखेरीस गीतमालेला क्रमवारीचे स्वरूप देण्यात आले. ध्वनिमुद्रिकांच्या दुकानांतील विक्रीचे आकडे आणि गावोगावच्या श्रोता संघांची मते यांवरून गीतांच्या पायऱ्या ठरत. श्रोता संघ ही संस्था येथूनच रूढ झाली. पाचदहा जणांनी एकत्र येऊन नाव घ्यावे, शिक्का करावा व सर्वांच्या नावांसह कार्ड पाठवावे, असे तिचे साधे स्वरूप होते. अभ्रकाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेले झुमरी तलैया (तत्कालीन बिहार, सांप्रत झारखंड) हे गाव केवळ अशा कार्डांमुळे देशभर ठाऊक झाले.

याच सुमारास सामूहिक श्रवणाचा आणखी एक प्रवाह शासकीय प्रेरणेने वाहू लागला होता. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांच्या १५० खेड्यांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापण्यात आली. शेतीविषयक कार्यक्रम एकत्र ऐकणे, चर्चा करणे आणि प्रश्न केंद्राला कळविणे असा हा उपक्रम होता. ऐकणे, बोलणे आणि लिहिणे ही त्रिविध क्रिया दोन्हीकडे एकच होती. एकीस प्रबोधन आणि दुसरीस करमणूक म्हटले गेले, त्यामुळे पहिलीचे अहवाल सिद्ध झाले आणि दुसरीची कार्डे रद्दीत गेली.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने ‘विविध भारती’ ही सेवा सुरू केली. तिचे आरंभीचे प्रक्षेपण मुंबई व मद्रास येथील लघुतरंग प्रक्षेपकांवरून होत असे. सैनिकांच्या आवडीची ‘जयमाला’, ‘मनचाहे गीत’, ‘आप की फर्माइश’ यांसारखे कार्यक्रम श्रोत्यांच्या पत्रांवरच आधारलेले होते. मुंबई केंद्रावरील ‘आपली आवड’ हा मराठी गीतांचा असाच कार्यक्रम होय. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर जाहिरातींना प्रारंभ झाला, तो मुंबई, पुणे व नागपूर या तीन ठिकाणी. विदर्भ अशा रीतीने देशातील पहिल्या व्यापारी प्रक्षेपणाच्या कक्षेत आला.

नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले होते. तथापि नागपूर आणि अहेरी यांत मोठे अंतर आहे. पूर्वीच्या चांदा जिल्ह्यातील सर्वांत मोठ्या जमीनदारीचे ठाणे असलेले अहेरी प्राणहिता नदीच्या पूर्वेस वसले असून २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून ते गडचिरोली जिल्ह्यात मोडते. आलापल्लीची सागवानी अरण्ये, पावसाळ्यात वाट अडविणाऱ्या नद्यानाले आणि विरळ वस्ती यांमुळे वृत्तपत्रापेक्षा ध्वनिलहरींचा प्रवास येथे सोपा होता. मध्यमतरंगांची दिवसाची कक्षा मर्यादित असते. सूर्यास्तानंतर मात्र वातावरणाच्या वरच्या आयनीभूत थरांवरून परावर्तित होऊन त्या शेकडो किलोमीटर दूर जातात. लघुतरंगांना तर हजारो किलोमीटरही अवघड नाहीत. त्यामुळे सुईच्या थोड्याशा फरकाने नागपूर, हैदराबाद, कोलंबो आणि मधली अखंड खरखर एकाच रात्री ऐकता येणे, हे या भूभागाचे वैशिष्ट्य ठरते. विजेची वाट न पाहता विद्युत् घटांवर चालणारा ट्रान्झिस्टर १९६० नंतर पसरू लागला आणि हे श्रवण आवाक्यात आले.

अहेरी व त्याच्या दक्षिणेकडील सिरोंचा या भागात मराठी, तेलुगू आणि गोंडी-माडिया या भाषा एकत्र नांदतात. नदीपलीकडे तेलुगूचा मुलूख असल्याने घंटसाला (१९२२–७४) यांचा आवाज येथे परका मानण्याचे कारण नव्हते. तेलुगू श्रोत्यांसाठी ‘जनरंजनी’ हा आवडीच्या गीतांचा कार्यक्रम होता. मराठी व हिंदी बोलणाऱ्यांची सोय वर सांगितलीच आहे. गोंडीचे तसे नव्हते. २०११ च्या जनगणनेनुसार गोंडी भाषकांची संख्या सु. २९ लाख ८४ हजार आहे. परंतु या भाषेत चित्रपटव्यवसाय उभा राहिला नाही, म्हणून फर्माइश करण्याजोगी तबकडीही नव्हती. रेला नृत्यगीते गाणाऱ्या माणसाला रेडिओवर काही मागायचे असेल, तर ते दुसऱ्याच्या भाषेत आणि दुसऱ्याच्या लिपीत मागावे लागे. जैत रे जैत (१९७७) या हृदयनाथ मंगेशकर यांच्या संगीताने गाजलेल्या चित्रपटात आदिवासी जीवन आले. पण ते सह्याद्रीतील ठाकरांचे आणि मराठीतून. श्रोत्यांची आवड मोजण्याच्या सर्व पद्धतींतील उणीव येथे उघडी पडते. पत्रांची गणना ही लिहिता येणाऱ्यांची गणना होती आणि विक्रीचे आकडे हे शहरी दुकानांचे आकडे होते. अरण्यातील निरक्षर श्रोता दोन्हींत बसत नव्हता, जरी तो तितक्याच तन्मयतेने ऐकत असला तरी.

या व्यवस्थेचे केंद्र एका अर्थाने डाकघर होते. रेडिओ बाळगण्यास वार्षिक परवाना लागे व तो डाकघरातूनच मिळे. १९८० नंतरच्या दशकात ही पद्धत टप्प्याटप्प्याने बंद झाली. फर्माइशीचे कार्डही तेथूनच जाई. त्या दशकात पंधरा पैशांच्या त्या कार्डावर चित्रपटाचे नाव, गायकांची नावे आणि खाली मित्रांची व नातलगांची भली मोठी यादी असे. टीकाकारांना ही यादी हास्यास्पद वाटे. तथापि ज्याचे नाव मतदारयादी आणि सातबारा यांखेरीज कोठे लिहिले जात नाही, त्याने ते देशभर ऐकू जावे अशी इच्छा धरणे यात हसण्यासारखे काही नाही. गीताइतकीच त्या उच्चाराचीही ओढ होती. कार्ड पोहोचून नाव येईपर्यंत आठवडे जात. तोवर दररोज ऐकत राहणे क्रमप्राप्तच होते.

पार्श्वसंगीताला या श्रवणसंस्कृतीत उशिरा व आडवाटेने प्रवेश मिळाला. शोले (१९७५) च्या संवादांची ध्वनिमुद्रिका निघाली आणि उत्सवांतील ध्वनिक्षेपकांवरून ती सर्वत्र वाजली. संवादांच्या पाठीमागचे राहुल देव बर्मन यांचे पार्श्वसंगीतही तिच्याबरोबर लोकांच्या कानी बसले. पूर्व विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमीचा येथे उल्लेख करणे इष्ट होईल. वडसा (देसाईगंज) हे केंद्र असलेल्या व धानाचा हंगाम आटोपल्यावर रात्रभर चालणाऱ्या या नाटकांत वादक प्रत्यक्ष साथ करतात. प्रसंग गहिरा होताच वाजणारा ऑर्गनचा सूर हे जिवंत पार्श्वसंगीतच होय. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. चित्रपटाच्या पार्श्वसंगीताला राष्ट्रीय पुरस्कारांत नियमित स्वतंत्र स्थान मिळाले ते २००९ च्या चित्रपटांपासून. त्या वर्षीचा पुरस्कार इळैयाराजा यांना लाभला. अजय-अतुल यांनी सैराट (२०१६) च्या संगीताचे ध्वनिमुद्रण हॉलिवुडमधील ध्वनिमुद्रणगृहात मोठ्या वाद्यवृंदासह केले आणि मराठी श्रोता गीताइतकाच वाद्यमेळाविषयीही बोलू लागला.

फर्माइशी श्रोत्यांतूनच पुढे संग्राहक व सूचिकार निर्माण झाले. कानपूरचे हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी संकलित केलेल्या हिंदी फिल्म गीत कोश या ग्रंथाचे खंड १९८० पासून निघू लागले. मुंबईत १९९० मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन झाली आणि तिने द रेकॉर्ड न्यूज हे नियतकालिक चालविले. मराठीत इसाक मुजावर यांचे चित्रपटविषयक लेखन आणि शिरीष कणेकर यांचे गाये चला जा हे पुस्तक यांनी श्रोत्याच्या भूमिकेतून लिहिण्याची वाट रुंद केली. कणेकरांचा सूर अभ्यासकाचा नसून ट्रान्झिस्टर कानाशी धरलेल्या माणसाचा आहे, आणि तीच त्याची ताकद आहे.

१९८० नंतर स्वस्त ध्वनिफितींमुळे कोऱ्या फितीवर आवडीची गाणी भरून घेण्याची सोय झाली आणि निवेदकाची मध्यस्थी उरली नाही. बिनाका गीतमाला १९८८ पर्यंत सिलोनवरून व नंतर १९९४ पर्यंत विविध भारतीवरून चालली. चंद्रपूर येथे आकाशवाणीचे स्थानिक केंद्र झाले. पुढे भ्रमणध्वनी आले आणि दुरुस्तीच्या दुकानातून स्मृतिपत्रात शेकडो गाणी भरून घेणे ग्रामीण भागात सर्वत्र रूढ झाले. गोंडीपुरता या बदलाचा लाभ निश्चित आहे. तबकडी आणि कार्ड या दोन्ही अटी गळून पडल्यामुळे गोंडी गीते साध्या यंत्रावर ध्वनिमुद्रित होऊन एका हातातून दुसऱ्या हाती जाऊ लागली. २०१० मध्ये मध्य भारतात सुरू झालेल्या ‘सीजीनेट स्वर’ या दूरध्वनीवर चालणाऱ्या व्यासपीठावर गोंडी भाषकांना आपल्या बोलीत बोलता व ऐकता येऊ लागले. त्यासाठी कोणतीही लिपी येण्याची आवश्यकता नव्हती.