माळेगावच्या बाजारातील दातपारख

मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातील माळेगावी खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा राष्ट्रकूटकालीन कंधार नगरीचे नाव धारण करणारा तांबड्या अंगाचा लाल कंधारी, आणि 1956 पर्यंत हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात मोडणाऱ्या, आज लातूरकडे असलेल्या उदगीर-देवणीच्या मुलखात गीर, डांगी व गावरान रक्ताच्या मिश्रणातून घडलेला मानला जाणारा काळा-पांढरा देवणी, हे आमच्या मराठवाड्याचे दोन्ही गोवंश एकाच माळावर पाहावयास मिळतात.

या बाजारात जन्माचा दाखला घेऊन जनावर येण्याचा प्रघात पूर्वी नव्हता. कागद नव्हता, म्हणून हेड्याने, म्हणजे गुरांच्या व्यापाऱ्याने, दात वाचले. एका हाताने वेसण धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तो गोऱ्ह्याचा खालचा ओठ ओढतो, आणि अदंत, दोनदाती, चारदाती, सहादाती की जुळलेला, हे क्षणात सांगतो. कारण वरच्या जबड्यास पुढचे दात नसतातच, आणि खालच्या आठ दुधी दातांच्या जागी दोन-अडीच वर्षांपासून सुमारे पाचव्या वर्षापर्यंत पक्के दात जोडीजोडीने येतात. या विद्येचे मर्म मात्र अर्धवट उगवलेल्या दातात आहे. हिरडीतून डोकावणारा पक्का दात आणि शेजारचा हलता दुधी दात एकत्र दिसले, की जनावराची पुढची वाटचालही उमगते.

कागदाविना वय ओळखण्याची हीच अडचण अलीकडे पेशीविज्ञानापुढे उभी राहिली. पेशीतील आरएनए मोजावयाचा तर सामान्यतः ती पेशी फोडावी लागते, आणि मग तीच उद्या पुन्हा तपासता येत नाही. म्हणून एकाच वेळी हजारो पेशी घेऊन, परस्परसाम्यावरून त्यांना बाल्यापासून परिपक्वतेपर्यंत ओळीने लावण्याची रीत 2014 च्या सुमारास रूढ होऊ लागली, आणि 2018 मध्ये, एखाद्या जनुकाचा अद्याप न छाटलेला कच्चा आरएनए छाटून तयार झालेल्याच्या मानाने अपेक्षेहून अधिक असेल तर ते जनुक चढतीला लागले आहे, उणा असेल तर ओसरतीला, असा कयास बांधण्याची पद्धत पुढे आली. हिरडीतला तो डोकावणारा दात मला येथे पुन्हा दिसतो.

तथापि ओळ ही वंशावळ नव्हे. बाजारात विकावयास आणलेलीच जनावरे दिसतात, घरी राखलेली उत्तम गाय दिसत नाही. आणि चारदाती गोऱ्हा जुळलेल्या बैलामागे उभा केला, म्हणून त्यांचे रक्त एक ठरत नाही. यासाठीच जाणता हेडी दात पाहून झाल्यावर, भावासाठी रुमालाखाली बोटे धरण्यापूर्वी, जनावराची माय कोणत्या गावची, कोणाच्या दावणीची, याची चौकशी करतो. आणि पेशींचे अभ्यासकही आता पेशीच्या डीएनएत पिढ्यान्‌पिढ्या उतरणारी खूण घालून तीच चौकशी करू लागले आहेत.